कुंडीवरचं नाव

नोव्हेंबर अर्धा सरला की एका सकाळी आमच्या शारजातल्या अल नहदाच्या टॉवरमधली बाल्कन्यांची दारं एकेक करून उघडायला लागतात. पाच-सहा महिने जी काच नुसती बाहेर बघण्यापुरती असते, ती सरकते. खाचेत साचलेली वाळू कचकचते. कुणी कुंड्या बाहेर आणतं, कुणी कपडे वाळत घालायचा स्टँड, कुणी नुसतीच खुर्ची टाकून चहाचा कप हातात घेऊन बसतं आणि समोरच्या रस्त्यापलीकडच्या दुबईकडे बघत राहतं. इथे ऋतू असे येतात. आभाळ काही सांगत नाही, एसी बंद झाल्यावरच्या शांततेवरून कळतं.

आज सकाळी मीही दार सरकवलं. हवा खरंच छान होती. पण माझी नजर वर गेली, छताला ठोकलेल्या चार हुकांकडे. गेल्या वर्षीचा अख्खा हिवाळा मी या चार हुकांच्या भीतीत काढलाय.

तशी मी जन्मजात घाबरट. रांगेत उभी असले की कागद पुरे असतील ना म्हणून तीनदा पिशवी उघडून बघणारी. नोकरीही देवाने शोधून दिल्यासारखी मिळाली. परदेशातून खाण्याचे पदार्थ आणणाऱ्या कंपनीत मी डब्यांवरची लेबलं तपासते. आत जे आहे तेच बाहेर लिहिलंय ना, एवढंच माझं काम. एक शब्द चुकला तर अख्खा कंटेनर बंदरात अडकतो. त्यामुळे चुकीच्या शब्दाची मला पालीसारखी किळस आहे. आणि तरीही गेल्या हिवाळ्यात एका कुंडीवर धडधडीत खोटं लेबल माझ्या हाताने, माझ्या अक्षरात चिकटवलं गेलं.

सुरुवात मंदारने केली. मंदार म्हणजे माझा नवरा. त्याच्या ऑफिसातला एक इंग्रज सहकारी दुबईत अल बर्शाच्या पुढे व्हिलात राहायचा. तो देश सोडून निघाला तेव्हा लोकांनी त्याच्याकडून टीव्ही घेतला, सोफा घेतला. आमच्या साहेबांनी मातीत पुरलेलं एक मूळ आणलं.

"हॉप्स आहेत," मंदार कुंडी दाराशी ठेवत म्हणाला. चेहरा असा, जणू घरात बाळ आणलंय.

"म्हणजे?"

"बिअरला कडूपणा आणि तो वास येतो ना, तो याच्या फुलांचा. वेल असते."

मी आधी दार लावलं. शारजात दारूला पूर्ण बंदी. घरात एक बाटली नाही, आणि हा बिअरचं झाड घेऊन उभा. मंदारने शपथेवर सांगितलं की इथे तो एक थेंबही बनवणार नाही. दोन-तीन वर्षांनी पुण्याला परत गेलो की मित्राच्या परवाना असलेल्या बिअरच्या कारखान्यात करेल, सगळं रीतसर. इथे फक्त वेल वाढवून बघायची, जमते का ते. "वेल वाढवणं गुन्हा नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"म्हणजे... नसावा."

हा 'नसावा' माझ्या डोक्यात पुढे सहा महिने घर करून होता.

त्या मुळाला आधी थंडी वाजली पाहिजे, तरच ते जागं होतं म्हणे. शारजात थंडी कुठून आणायची? म्हणून ते धुऊन, ओल्या पेपरात गुंडाळून आमच्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात गेलं, कोथिंबिरीच्या शेजारी. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत ते तिथेच झोपलं. दिसायला हुबेहूब आंबेहळद. कुणी किसून लोणच्यात घालेल या धास्तीने मी त्यावर चिठ्ठी लावली, 'खाऊ नये'. ते लेबल खरं होतं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मूळ कुंडीत लागलं आणि आठवड्याभरात जांभळट कोंब वर आले. खोटं कशाला बोलू, वेल सुंदर होती. मंदारने हुकांना सुतळ्या बांधून छोटासा मांडव केला होता. ती सुतळीभोवती नेहमी एकाच बाजूने वळायची. मी एकदा मुद्दाम उलटी गुंडाळून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी स्वतःला सोडवून पुन्हा आपल्या बाजूने. देठावर बारीक काटेरी लव, हात घासला की लाल ओरखडा उठायचा. पान चुरगाळलं की कच्च्या कैरीचा आणि ओल्या गवताचा मिळून एक वास यायचा, तो बोटांवर दुपारपर्यंत राहायचा. ऑफिसात लेबलं तपासताना मी नकळत बोटं नाकाशी न्यायची आणि लगेच दचकून इकडेतिकडे बघायची.

मग आमच्या कन्येने, तेरा वर्षांच्या ईशाने, मोबाइलमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपने वेलीचा फोटो काढला.

"मॉम, धिस इज सो कूल. इट्स फ्रॉम द सेम फॅमिली ॲज कॅनबिस!"

माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. कॅनबिस म्हणजे गांजा. मंदार हसत म्हणाला, "अगं, फक्त लांबची बहीण आहे. हिच्यात तसलं काही नसतं." पण बहीण आहे ना! या देशात मी लांबच्या नातेवाइकांनासुद्धा पाकिटातून औषधं आणू देत नाही. आणि ही बया आमच्या बाल्कनीत, रस्त्यावरून दिसेल अशी, दिवसाला चार बोटं वाढत होती. दिवस लहान म्हणून मंदारने संध्याकाळी तिच्यावर ट्यूबलाइटही लावली होती. लपवायची गोष्ट उजेडात मांडून ठेवायची कला माझ्या नवऱ्याकडे उपजत आहे.

लिफ्टमध्ये कुणी जरा जास्त वेळ बघितलं तरी मला वाटायचं, यांना कळलं. घराची बेल वाजली की आधी बाल्कनीचा पडदा, मग दार. ईशाला बजावून ठेवलं होतं, शाळेत एक अक्षर बोलायचं नाही. "मॉम, यू आर बीइंग सो ड्रामॅटिक," ती म्हणायची. असेनही. पण नोकरी, व्हिसा, तिची शाळा, सगळं एका दोऱ्यावर उभं आहे हे तिला कसं कळणार? तिला हा देश घर वाटतो. मला इथे कायम पाहुणीसारखं सांभाळून बसावं लागतं.

डिसेंबरात बिल्डिंगचा सुपरवायझर एसीच्या पाण्याचा पाइप बघायला आला. बाल्कनीतच काम. मी त्याच्या मागे, श्वास रोखून.

"मॅडम, ये कौन सा पौधा है?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गिलोय. दवाई का है."

"अच्छा, गिलोय! बहुत अच्छा होता है," म्हणत तो पाइपकडे वळला. एवढं सोपं होतं! त्याच दुपारी मी ऑफिसातला जाड मार्कर घेऊन पांढऱ्या पट्टीवर ठळक अक्षरात लिहिलं, 'गुळवेल', खाली हिंदीत 'गिलोय', आणि कुंडीवर चिकटवलं. त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू. टॉवरमधल्या मराठी बायका, काठपदराच्या साड्या, तिळगूळ, आणि वाण म्हणून मी आणलेले स्टीलचे छोटे डबे. समोरच्या फ्लॅटमधल्या पेडणेकर काकूही आल्या. मूळच्या देवगडच्या, मुलाकडे, नितीनकडे राहायला आलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण त्यांचं लक्ष सगळीकडे. त्या सरळ बाल्कनीत गेल्या आणि लेबलाला नाक लावून वाचलं.

"अगो, गुळवेल! मेधा, इथे गुळवेल लावलीस तू? आणि आम्ही नितीनच्या डोक्याशी कटकट करतोय, कुठून तरी आण म्हणून. ह्यांना झोप नाही, अंगात कणकण. मला डबा नको गो तुझा. मला वाण म्हणून ह्याचीच एक फांदी दे."

दहा-बारा बायका माझ्याकडे बघत होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी सवाष्णीने मागितलेलं वाण कुणी नाकारतं का? आणि नाकारायचं तर कारण काय सांगायचं? मी कात्री आणली. काकूंनी पान चाचपलं.

"पानं जरा वेगळी लागतायत हाताला."

"इथल्या हवेनं, काकू," मी म्हटलं. "इथे सगळंच जरा बदलतं."

"खरंय बाई. माणसंसुद्धा."

मी फांदी कापली, तिला हळदकुंकू लावलं आणि काकूंच्या ओटीत घातली. त्या दिवसाचा कापल्या देठाचा हिरवा वास अजून माझ्या नाकात आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी गोडच बोलले होते.

अर्धी फांदी काकूंनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लावली, अर्धीचा काढा केला. मग दर दोन-तीन दिवसांनी त्या चार पानं, बोटभर देठ घ्यायला यायच्या. मी घरी नसले तर ईशा द्यायची. काका, म्हणजे पेडणेकर काका, निवृत्त पोस्टमास्तर, सकाळी खालच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीत, टोपी घालून फेऱ्या मारणारा शांत माणूस. "काय झोप लागते गो ह्यांना हल्ली!" काकू आनंदाने सांगायच्या. "दुपारीसुद्धा डोळा लागतो. तुझ्या हाताला गुण आहे."

मी गुपचूप वाचून काढलं. हॉप्सने गुंगी येते, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं. झोपेच्या गोळ्यांबरोबर सांभाळून, असंही. काका झोपेची अर्धी गोळी घेतात, हे काकूंनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. त्यानंतर माझे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. ऑफिसला निघताना मी आधी गॅलरीतून खाली बघायची, टोपी दिसतेय का. दिसली की दिवस माझा. जरा उशिरा दिसली की त्या दिवशी लेबलांवरची अक्षरं पोहायला लागायची. काका हळू चालतायत का? कालपेक्षा हळू? मी मंदारला म्हटलं, सांगून टाकू. तो म्हणाला, "काय सांगणार? बिअरचा पाला दिला? नितीनने बाहेर कुणाला बोलून दाखवलं तर? पानं संपली म्हण, खलास." मी तसं म्हणून पाहिलं. काकूंनी हात वर करून वेल चाचपली. "एवढी तर आहेत गो!" वेल मांडवभर झाली होती. माझं खोटं रोज चार बोटं वाढत होतं आणि काकू ते प्रेमाने तोडून नेत होत्या.

कितीदा त्यांच्या दाराशी जाऊन परत आले. बेलवर बोट ठेवायचं, आतून काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि मी मागे फिरायची. भीती पोलिसांची जास्त होती की काकूंच्या चेहऱ्याची, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मार्चमधल्या एका सकाळी टोपी दिसली नाही. खाली गेटसमोर ॲम्ब्युलन्स उभी होती. मी जिन्यानेच खाली धावले, सात मजले. दारं बंद होऊन ती निघाली होती. वॉचमन म्हणाला, "सामने वाले अंकल. चक्कर आया, गिर गया."

वॉचमनने सांगितलेल्या हॉस्पिटलकडे टॅक्सीने जाताना मला फक्त एक गोष्ट आठवत होती. माझं अक्षर. जाड मार्करने लिहिलेलं, ठळक, खोटं.

हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीच्या पडद्यापलीकडे काका डोळे मिटून पडलेले, हाताला सलाइन. काकू स्टुलावर, पदर तोंडाशी. नितीन उभा. तरुण डॉक्टरीणबाई हिंदीत विचारत होत्या, "कोई और दवाई लेते हैं? कुछ देसी, घरेलू?"

"गुळवेल," काकू म्हणाल्या. "काढा. रोज."

"गिलोय," नितीनने सांगितलं.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला घेतलं. मला ते पेन चालताना दिसलं. माझं लेबल कुंडीवरून सुटून आजारी माणसाच्या कागदावर चिकटत होतं. मी दहा वर्षांत कितीतरी कंटेनर एका शब्दासाठी थांबवलेत. हा कसा जाऊ देणार होते?

"वो गिलोय नहीं है," मी म्हणाले. "मैंने झूठ लिखा था. वो हॉप्स है."

"क्या?"

"हॉप्स. जिससे... बिअर..."

"बिअर का फूल?" शेजारी उभ्या असलेल्या केरळच्या नर्स मोठ्यांदा म्हणाल्या. शारजातल्या त्या खोलीत तो शब्द वाजला आणि पलीकडच्या पडद्यामागचं बोलणं थांबलं. नितीन पुढे सरकून म्हणाला, "मेधाताई, हळू. तुम्ही लोक घरी बनवता?"

"नाही रे. एक थेंबसुद्धा नाही. नुसती वेल आहे. मी घाबरले होते म्हणून नाव बदललं." आणि मी रडायला लागले.

डॉक्टरांनी शांतपणे लिहिलेलं खोडलं. किती पानं, किती दिवस, झोपेची गोळी कुठली, सगळं विचारून घेतलं आणि नवीन शब्द लिहिला. स्पेलिंग मीच सांगितलं. दुपारी कळलं की काकांनी सकाळी ब्लडप्रेशरची गोळी विसरून दोनदा घेतली होती, चक्कर मुख्यतः त्याची. "ये पत्ते भी बंद. झोपेच्या गोळीबरोबर पुन्हा नको," डॉक्टर म्हणाल्या. शेवटचं वाक्य चक्क मराठीत. त्या सोलापूरच्या निघाल्या.

पोलीस आले नाहीत. कुणीही आलं नाही. ज्या गोष्टीच्या भीतीपोटी मी हे सगळं केलं, ती घडलीच नाही, आणि लेबल लावताना जी माझ्या मनातही नव्हती ती जवळजवळ घडून बसली होती. काकूंनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हळदकुंकू लावून दिलंस ते?"



मंदारने त्याच संध्याकाळी वेल कापली. न सांगता. सुतळ्या सोडताना त्याच्या हातावर ओरखडे उठले, तरी बाही खाली केली नाही त्याने. वेलीला तोवर फुलं आली होती, मोजून अकरा. हिरव्या कागदाची चिमुकली झुंबरं, बोटांत चुरली की पिवळी पूड लागते. अख्ख्या हिवाळ्याच्या धास्तीची कमाई अकरा फुलं! ती काळ्या पिशवीत गेली. मूळसुद्धा. कुंडीवरचं लेबल मी खरवडून काढलं, नखांनी.

नंतर काकू लिफ्टमध्ये भेटल्या की हसायच्या, पण गो म्हणायच्या नाहीत. "बरी आहेस ना?" एवढंच. तो 'गो' गेल्याचं मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात दोघं देवगडला गेले. आता मागच्या आठवड्यात परत आले. काका लिफ्टमध्ये एकटे भेटले तेव्हा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ते पान एखादं उरलंय का तुमच्याकडे? झोप मात्र झकास लागायची." मला घामच फुटला. "काका, प्लीज!" मी म्हटलं, आणि ते मिशीत हसले.

तर आज सकाळी मी त्या चार हुकांकडे बघत उभी असताना बेल वाजली. सवयीने आधी पडद्याकडे हात गेला. मग आठवलं, लपवायला आता काहीच नाही. दारात काकू. हातात आइस्क्रीमचा डबा, डब्यात माती, मातीतून वर आलेले दोन जांभळट कोंब.

ती अर्धी फांदी मी साफ विसरले होते. थंडी वाजल्याशिवाय जागी होत नाही म्हणे, आणि ही फ्रीजशिवायच जागी झाली होती.

"उन्हात सुकली होती," काकू म्हणाल्या. "मी नसताना नितीनने आपलं घातलं पाणी, बाकीच्या कुंड्यांबरोबर. आता फुटलीय परत. तो म्हणतो, टाक. पण वाण आहे ते. वाण टाकतात का? आणि घरात ठेवायला तो देत नाही. म्हणून तुझ्याकडे आणली."

"काकू, मला भीती वाटते हो हिची."

"मला काय वाटत नाही? धर."

मी डबा घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंचं अक्षर सरळ आलंय. डब्यावर कॅलेंडरच्या पानाची पट्टी चिकटवलेली होती आणि त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं:

'हॉप्स. मेधाने दिलेलं वाण. पिऊ नये.'

"बघ गो, बरोबर लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली. माझ्या नोकरीच्या नजरेला त्यात एकही चूक सापडली नाही. मी डबा बाल्कनीत नेला आणि पट्टी बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली.